तेल प्यालेलं लाकूड

गेल्या रविवारी घिवलीला गेले आणि किनाऱ्यावर पाय ठेवल्याठेवल्या मला तो वास आला. मासेमारी बंदीचे दिवस, आषाढ, बोटी वर ओढून ताडपत्र्या घालून ठेवलेल्या. अशा दिवसांत किनाऱ्यावर कसले वास असतात ते मला आता पाठ आहे: ओल्या दोरांचा, डिझेलचा, कुजक्या शेवाळाचा. हा त्यातला नव्हता. इपॉक्सीचे दोन डबे मिळतात ना, एक रेझिनचा आणि एक हार्डनरचा, एकत्र कालवले की कडक होणारे, त्यातल्या दुसऱ्या डब्याचा हा वास. माहीत नसलेल्याला वाटेल, कुठंतरी शिळी मासळी पडलीय. मला माहीत आहे. माझं पोट त्याच वासावर चालतं.

ताडपत्री उचलून पाहिली. घिवलीच्याच एका कोळ्याची, नामदेवची बोट. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या फळ्या नुसत्या चकचकत होत्या. शेजारच्या बोटीच्या तशाच. पलीकडच्या दोन्हींच्याही तशाच. चार लाकडी बोटी आणि चारही बोटींना तेच औषध पाजलेलं. बंदी उठायला पाच दिवस. त्या चकचकीत कातडीखाली काय असू शकतं हे अख्ख्या किनाऱ्यावर फक्त मला माहीत होतं, आणि ते मी चार वर्षं गिळून बसले होते.

मी मूळची मिरजेकडची. आमच्याकडं पाणी म्हणजे कॅनॉलचं आणि मासा म्हणजे वर्षातून दोनदा. शिकले केमिस्ट्री, नोकरी लागली तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रेझिन बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. आणि लग्न केलं घिवलीच्या विजयशी. विजय कोळ्याचा थोरला मुलगा, पण बोटीत बसला की ओकतो. सगळा किनारा हसून दमला तेव्हा कुठं तो एका कारखान्यात बॉयलरवर लागला. आम्ही राहतो सरावलीत, दोन खोल्यांत. तिथं संध्याकाळी वारा पडला की कारखान्यांच्या वासानं खिडक्या लावून घ्याव्या लागतात. घिवलीच्या घरी सासरे, सासूबाई आणि धाकटा दीर दिनेश. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे, मीही आप्पाच म्हणायचे. गेल्या थंडीत ते गेले.

चार वर्षांपूर्वीची ती बंदी मला सलग आठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी आठवते. पावसाळ्याचे दोन महिने बोटी किनाऱ्यावर बसतात आणि माणसंही. बाहेरच्याला वाटतं सुट्टी. सुट्टी कसली डोंबलाची! बोटीत पाय नाही तर कोळ्याला घर खायला उठतं. आप्पा दिवसातून दहा वेळा किनाऱ्यावर जाऊन बोटीला हात लावून यायचे, गाभण गाईला लावतात तसा. समुद्र त्या दिवसांत मातकट, फुगलेला, त्याची घरघर एक मिनिट थांबत नाही. पलीकडं अणुवीज केंद्राच्या इमारती पावसात दिसायच्या आणि पुसल्या जायच्या. दुपारी कुठूनसा भोंगा वाजला की सासूबाई विचारायच्या, "सरावाचा हाय का खरा?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा जवळा निवडायला लागायच्या. आमच्या या पट्ट्यात सगळे असेच राहतात. भोंगा थांबला की हातातलं काम पुढं चालू.

त्या वर्षी बोट वर ओढली, धुतली, आणि दिनेशनं नाळेकडच्या तळाच्या फळीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. टेकवलाच फक्त. भिजलेल्या पावात बोट जावं तसा तो आत गेला. त्यानं दुसरीकडं लावला, तिथंही तेच. तीन फळ्या आतून गेलेल्या होत्या. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, त्यातली गत. दिनेश पटकन म्हणाला, "आप्पा, फायबर मारू. सगले मारतात." झालं! आप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

फायबर म्हटलं की आप्पांचं डोकं फिरायचं. "बोटीला पलास्टिकचा रेनकोट घालतात मेले. आत घाम येतो तिला, ते कोण बगतो?" ती बोट त्यांनी स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. सागाची कुठली फळी कुठल्या बाजूनं उन्हात जास्त ताणते ते त्यांना ठाऊक होतं. नवीन फळ्या घालायच्या तर जुन्या हाताचा सुतार हवा, आणि तसा सुतार आसपास उरला नव्हता. आप्पा अंगणात बसून नुसते विड्या फुंकायचे. वय सत्तरीला आलेलं. बोट गेली तर हा माणूस बसून जाईल, हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि बोलत कुणी नव्हतं.

आणि तिथं मी तोंड घातलं. माझ्या जिभेला हाड नाही हे मिरजेत सगळ्यांना माहीत होतं, ते घिवलीतही कळलं.

आमच्या लॅबमध्ये तेव्हा लाकडात मुरणारं एक सीलर तयार होत होतं. मी आप्पांसमोर पाटावर बसून त्याचं व्याख्यान दिलं. कुजलेल्या लाकडात आतला गर गेलेला असतो, नुसत्या बारीक पोकळ्या उरतात. हे औषध पाण्याइतकं पातळ. ते पोकळ्यांत झिरपत जातं आणि दोनचार दिवसांनी तिथंच कडक होतं. मग त्या लाकडात खिळासुद्धा वाकडा होईल. आप्पा विडी हातात तशीच धरून ऐकत होते.

"म्हंजे मेलेला मानूस उठून बसतो म्हन," ते म्हणाले.

"उठून बसत नाही आप्पा, पण कामावर जातो," मी म्हणाले.

सगळे खो खो हसले. आप्पाही हसले, बऱ्याच दिवसांनी. सासरच्या अंगणात आपल्या विद्येवर माणसं खुलून हसतायत, यात काय चव असते ते बाहेरून आलेल्या सुनेला विचारा. त्या चवीनंच मी बिघडले, हे आज सरळ कबूल करते.

साहेबांना विचारून रीतसर सॅम्पलचे डबे घेतले. साहेब म्हणाले, "बोटीचा तळ? हे आपण दारं-खिडक्यांसाठी बनवतोय. निदान त्याच बोटीचा तुकडा आणून आधी इथं करून बघा." मी म्हटलं, हो सर. तुकडा आणला नाही. घरचंच तर काम, त्यात नमुना कसला, असं मनात आलं आणि पाम गावच्या फाट्यावर रिक्षा बदलेपर्यंत विसरूनही गेले. परक्याचं काम असतं तर शंभर वेळा तपासलं असतं.

मला एकच भीती होती, पाण्याची. ओल्या लाकडात हे औषध मुरत नाही, उलट ओल आत कोंडली जाते आणि कूज जोरात वाढते. म्हणून मी सगळ्या घराला कामाला लावलं. बोटीवर दुहेरी ताडपत्रीचा मांडव, खाली वाळू बदललेली, आत दोन मोठे दिवे दिवसभर चालू, एक पंखा. कुणी ओल्या पायानं आत आलं की मी वसकन अंगावर जायचे. दिनेश मला "कलेक्टरीन बाय" म्हणायला लागला. आठवड्यानं कंपनीतून ओल मोजायचं यंत्र आणलं, दोन सुया फळीत टोचल्या. काटा जेमतेम हलला. कोरडं ठणठणीत. मी यंत्र आप्पांना दाखवलं तर म्हणाले, "त्या यंत्राला काय कलतंय? ते कवा समुद्रात गेलाय?"

मी हसले. यंत्र पाणी मोजतं. पाण्यावाचून दुसरं काही लाकडात असू शकतं, हे माझ्या दीडशहाण्या डोक्यात आलंच नाही.

औषध घालायचा दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी मला दिसलं होतं. पाऊस उघडला होता, किनाऱ्यावर पाचपंचवीस माणसं जमलेली, त्यात नामदेव सगळ्यात पुढं. मी हातमोजे चढवले, दोन्ही डबे मापानं कालवले. हार्डनरचा वास सुटल्यावर बायकांत हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "अगो, हा औषध तर आपल्याच जातीचा हाय!" फळ्यांना बारीक भोकं पाडून घेतली होती. त्यांत मी पिचकारीनं औषध सोडायला लागले. कुजलेलं लाकूड ते कसं पितं हे मी लॅबमध्ये पाहिलेलं होतं. चहात बुडवलेलं बिस्कीट पितं तसं, घटाघटा. इथं पहिली पिचकारी गेली, दुसरी गेली, आणि तिसरी वरच थांबली. अळूच्या पानावर पाणी थांबावं तशी. एका भोकात नाही, बहुतेक सगळ्या भोकांत.

मी पिचकारी बाजूला धरली. आप्पा माझ्या समोरच उकिडवे बसले होते. त्यांनी त्या थांबलेल्या थेंबाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पोट भरलं तिचं," मी मोठ्यांदा म्हणाले.

आप्पा उठून विडी पेटवायला लांब गेले.

चार दिवसांनी औषध बसलं. मी हातोडी घेऊन फळी ठोकली, टणटण आवाज आला. दिनेशनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो सटकला. नामदेवनं ठोकून पाहिलं, आणखी दोघांनी ठोकलं, लहान पोरं ठोकत सुटली. मी सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून सांगितलं, "पक्कं आहे. मी लिहून देते." सासूबाईंनी मला त्या दिवशी ताटात बोंबलाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

टणटण आवाज वरच्या कातडीचा होता. पण हे कळायला नारळी पौर्णिमा उजाडावी लागली.

सरकारी बंदी त्याआधीच उठलेली असते आणि आता पुष्कळ जण त्याच दिवशी निघतात. आप्पा मात्र नारळ दिल्याशिवाय बोट पाण्यात घालत नसत. सकाळपासून घरात गडबड. विजय आणि दिनेश बोट खाली न्यायला गेले होते. मी आणि सासूबाई नारळीभातासाठी खोबरं खवत होतो. बाहेर बेंजो वाजायला लागला होता. सासूबाई अगदी सहज, कौतुकानं म्हणाल्या, "औषध काय मुरला गो तुझा! आता मुरनार का नाय? यांनी तू यंत्र घेऊन यायच्या आदी दोन दिस तेल पाजून ठेवलेला तिला."

"कसलं तेल?"

"मुशीच्या कालजाचा. दुसरा कुठला? कोरड्या घशात गोली उतरते काय? म्हनून पयला तेल."

मी खवणी बाजूला सारली.

लाकडाला लोखंड लावायच्या आधी, भोक पाडायच्या आधी, कुठलंही काम करायच्या आधी घरच्या कर्त्या माणसानं हातानं तेल चोळायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुशी माशाच्या काळजाचं तेल, काळपट, उग्र. कुणी लपवलं नव्हतं. डोक्याला तेल लावलं हे कुणी उठून सांगत फिरतं का? तसंच ते. आणि जिथं लाकूड जास्त कुजलेलं, तिथं आप्पांनी जास्त तेल जिरवलं होतं, दुखऱ्या गुडघ्याला जास्त चोळावं तसं. माझ्या यंत्राला तेल म्हणजे पाणी नव्हे, म्हणून काटा हलला नाही. माझ्या नाकाला वास आला नाही, कारण अख्खा किनाराच मासळीचा वास मारतो आणि माझं औषधही. तेलानं भरलेल्या लाकडात औषध शिरत नाही. वरच्या वर साय धरतं. मी त्या फळ्यांवर एक कडक साय चढवली होती आणि तिला पक्कं म्हटलं होतं.

मी धावले. नवी साडी, हाताला खोबरं तसंच. किनाऱ्यावर ही गर्दी. बोटींना पताका, झेंडूच्या माळा, सगळे न्हाऊनमाखून नवे कपडे घालून. आप्पांची बोट पाण्यात उतरली होती. आप्पा पांढरा सदरा घालून नाळेशी उभे होते, मागं इंजिनापाशी दिनेश. मी गुडघाभर पाण्यात शिरले आणि बोटीच्या कडेला हात लावला.

"आप्पा, आज नका जाऊ."

"का गो?"

हे दोन शब्द त्यांनी मोठ्यांदा विचारले नव्हते. पण बेंजो नेमका तेव्हाच थांबला होता. आजूबाजूची सगळी तोंडं माझ्याकडं वळली. नामदेव शेजारच्या बोटीतून हसत म्हणाला, "काय वैनी, औषध उतरला काय?" सगळे हसले. महिन्याभरापूर्वी याच माणसांसमोर मी कमरेवर हात ठेवून उभी होते. मला बोलायचं होतं. देवाशपथ, शब्द ओठावर आले होते. आणि मी काय म्हणाले?

"काही नाही. जपून जा."

तेव्हा आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, तसंच, औषध घालायच्या दिवशी पाहिलं होतं तसं. मग मागं वळून ओरडले, "दिन्या, उतर खाली. वैनीसंगती घरी जा. आईला मदतीला कोन नाय."

"आज? नारलाच्या दिवशी?" दिनेश चिडला. "मी नाय उतरत."

"उतर बोललो ना!"

आप्पा सणासुदीला कधी आवाज चढवत नसत. दिनेश पाय आपटत उतरला. आप्पा एकटेच गेले, बाकीच्या बोटींच्या रांगेत, पताका फडफडवत. मी मनाशी म्हणत राहिले, नारळ देऊन लगेच परततात, जवळच तर जातात, संध्याकाळी घरात बसवून सगळं सांगते. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती शहाणपणानं फसवतो!

चार वाजता नामदेवची बोट परत आली तेव्हा तिच्यात आप्पा आडवे होते. नामदेवच्या मांडीवर डोकं, ओठ निळे, पांढरा सदरा अंगाला चिकटलेला. त्यांची बोट पाऊण तासात गेली होती. नाळेकडनं पाणी आलं, इंजिन बुडालं, आणि आप्पा एका डब्याला धरून तरंगत राहिले. नामदेवनं लांबून पाहिलं म्हणून वाचले. किनाऱ्यावर उतरवताना आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "खुंट लागला. पान्याखालचा खुंट दिसला नाय मना. माजीच चूक."

जाळी बांधायला समुद्रात खुंट ठोकलेले असतात. पन्नास वर्षं त्या पाण्यात बोट चालवलेल्या माणसाला सगळे खुंट झोपेतही ठाऊक होते. तरी सगळ्यांनी मान डोलावली. म्हातारपण, नजर गेली, व्हायचंच. बायका मला धीर द्यायला आल्या, "तुझ्या औषधाचा काय दोष गो, खुंटापुडे कोन टिकतो?" आणि मी, मी रडले आणि हो म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी त्या दिवसापासून झाकूनच ठेवली. विजयलासुद्धा सांगितलं नाही. दिनेशनं पुढं फायबरची बोट घेतली, आप्पांनी त्याला एका शब्दानं अडवलं नाही.

आप्पा परत समुद्रावर गेले नाहीत. छातीत पाणी गेलेलं, खोकला जडला तो गेलाच नाही. पुढच्या बंद्यांत ते ओट्यावर बसून असायचे, किनाऱ्याकडं पाठ करून. मी सुट्टीच्या दिवशी जायचे, औषधं द्यायचे, पाय चेपायचे. सासूबाई बायकांत सांगायच्या, "लेक करनार नाय एवडा सून करते." ऐकताना अंगावर काटा यायचा. माझ्या मनात काय आहे ते त्या माउलीला काय ठाऊक.

गेल्या थंडीत, जायच्या पंधरा दिवस आधी, दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी पेज भरवत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, तुमची बोट माझ्यामुळं गेली. लाकडात तेल होतं. पौर्णिमेच्या सकाळीच मला कळलं होतं, पण माझं तोंड उघडलं नाही."

त्यांनी पेजेचा घोट गिळला. बराच वेळ खोकले.

"मना पयल्याच दिवशी कललेला," ते म्हणाले. "तेल प्यालेला लाकूड पानी पीत नाय, तर तुजा औषध कसा पील? तू पिचकारी मारलीस, वरच राहिला. तवाच कलला."

"मग बोलला का नाही?"

"तू बोललीस, पोट भरला."

मी वाटी खाली ठेवली. "आणि गेलात कशाला? कळत होतं तर गेलात कशाला आप्पा?"

"सगल्यांसमोर पक्का हाय बोललेलीस तू. मी गेलो नसतो तर लोकांनी काय बोलला असता? बाहेरची पोर, नवी. सगला जनम हसले असते तुला." मग म्हणाले, "दिन्याला उतरवला ना मी."

त्यांना वाटलं होतं, नारळ देऊन हळूच परत येऊ आणि मग बोट काहीतरी निमित्त काढून वर ओढून ठेवू. तेवढं त्या फळ्यांनी सोसलं नाही. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कोनाला सांगू नको. झाला तो झाला." आणि मी पुन्हा एकदा ऐकलं. मला तेच तर हवं होतं.

अशी ती मूठ आणखी घट्ट झाली. एक चांगला माणूस माझी लाज राखायला एक खोटं बोलला आणि मी त्या खोट्यावर कडक साय चढवून ठेवली. मला वाटायचं, आत काही उरलेलं नाही. बोट गेली, आता आप्पाही गेले. हे आता कुणाला काय करणार?

आणि गेल्या रविवारी तो वास आला.

नामदेव त्याच्या बोटीपाशीच होता. मला पाहून खूश झाला. बोईसरच्या दुकानात आता तसलं औषध मिळतं म्हणाला, चौघांनी मिळून आणलं. म्हटलं, मला विचारायचं तरी होतं. तो म्हणाला, "विचारायचा काय त्यात? तुमचाच औषध. आप्पांच्या बोटीवर आमी डोल्यांनी बघितलेला."

"नामदेव, आधी तेल लावलं होतं का फळ्यांना?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "वैनी, इतकी वर्सं झाली तुमाला इथं. तेल लावल्याबिगर कोन लाकडाला हात लावतो काय?"

मग मी बोलले. चार वर्षांचं सगळं बोलले, उभ्याउभ्या. तेल, साय, यंत्र, पौर्णिमेची सकाळ. बाकीच्या तिन्ही बोटींची माणसं जवळ आली. वाळूवर ताडपत्री टाकून सासूबाई आणि दोघीतिघी जाळी दुरुस्त करत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. मी म्हटलं, सगळं खरवडून काढा, फळ्या बदला, नाहीतर फायबर करा, काहीही करा, पण या बोटी अशा पाण्यात घालू नका.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. नामदेव खाली बघत पायानं वाळू उकरत होता. मग म्हणाला, "वैनी, आप्पांना पान्यातून मी काडला. माज्या मांडीवर डोका होता त्यांचा. दातावर दात वाजत होते, तरी बोलले, नामा, खुंट लागला. मरनाच्या दारातला मानूस खोटा बोलतो काय?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी जाळ्यातली सुई तशीच धरली होती. त्यांच्या चेहऱ्यावर एकच विनवणी होती, नको. नवरा गेला, बोट गेली, आता त्याचा शब्द तेवढा त्यांच्यापाशी उरला होता. अख्ख्या किनाऱ्यावर आप्पांचा शब्द म्हणजे शब्द होता.

"हो," मी म्हणाले. "आप्पा खोटं बोलले. माझ्यासाठी बोलले."

सासूबाई उठल्या. सुई जाळ्यातच राहिली. माझ्याकडं न बघता त्या घराकडं चालू लागल्या आणि त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी बोललेल्या नाहीत. विजय म्हणतो, वेळ जाऊ दे. त्यालाही माझ्याकडं नीट बघवत नाही.

दोन बोटींवर संध्याकाळी तासणी चालू झाली. काल दिनेशचा फोन आला, दोन्हींत आतून नुसता भुसा निघाला, तेलानं थबथबलेला. तिसऱ्यानं फायबरवाल्याला बोलावलंय. नामदेवला दिनेशनं तो भुसा नेऊन दाखवला. नामदेवनं बघितला आणि म्हणाला, त्यांची लाकडा वेगली, माझा वेगला. आप्पांवर चिखल उडवणाऱ्या बाईचं ऐकून मी माझ्या बोटीला हात लावणार नाय.

बंदी शुक्रवारी उठते. नामदेवच्या बोटीवर चार माणसं जातात. चौघांनाही मी नावानं ओळखते.